वाकवलेलं बोट

तळमजल्यावरच्या सरावाच्या खोलीत एक रबरी माणूस कायम उताणा पडलेला असे. विद्यार्थिनी त्याला 'काका' म्हणत. काकांना दिवसभर सुया टोचल्या जात, घशात नळ्या घातल्या जात, छातीवर दणादण दाब दिला जाई. पण काकांनी कधी हूं की चूं केलं नव्हतं. "असा गुणी पेशंट आणि असाच नवरा मिळायला भाग्य लागतं," असं पोरी म्हणत आणि खिदळत.

अक्काचं मात्र या काकांशी काही केल्या सूत जुळत नव्हतं. वरच्या मजल्यावर, आयसीयूत, तिनं बेशुद्ध माणसांशीही आयुष्यभर गप्पा मारल्या होत्या. "चला आजोबा, आता कुशीवर व्हायचंय बरं का," असं म्हटलं की पापणीसुद्धा न हलवणाऱ्या आजोबांचं अंग थोडं सैल पडायचं, निदान तिला तसं वाटायचं. काकांपुढं उभं राहिलं की तिला काय बोलावं हेच सुचत नसे.

अक्का हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण आयसीयूत सगळेच तिला अक्का म्हणत. वयानं मोठे असलेले डॉक्टरही. तिनं तिथं केस पिकवले होते. मग एके दिवशी एका थोराड रोग्याला वळवताना तिच्या पाठीत काहीतरी सटकलं, ते पुन्हा धड जागेवर बसलंच नाही. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, यापुढं वजन उचलायचं नाही. आयसीयूत वजन न उचलता राहायचं म्हणजे पाण्यात पडून कोरडं राहायचं. तेवढ्यात रुग्णालयाच्याच नर्सिंग शाळेच्या प्राचार्याबाईंनी तिला बोलावून घेतलं.

"तुमच्या डोक्यात जे आहे ते या मुलींच्या डोक्यात घाला," त्या म्हणाल्या. "एक सत्र करून बघा. तुम्हाला जमलं आणि आम्हाला पटलं, तर कायम करू."

अक्कानं हो म्हटलं. दुसरं म्हणणार तरी काय?

तेव्हापासून ती 'मॅडम' झाली. कुणी "मॅडम" अशी हाक मारली की पहिल्यांदा ती मागं वळून बघायची, कोण आलंय म्हणून.

शिक्षिकांच्या खोलीत तिला खिडकीजवळचं टेबल मिळालं. बाकीच्या शिक्षिका चांगल्या होत्या. "चहा घेणार का?" असं विचारायच्या, आणि चहा आला की परीक्षेच्या वेळापत्रकाबद्दल, मुलांच्या शिकवण्यांबद्दल बोलायच्या. अक्काला मुलं नव्हती आणि वेळापत्रकातलं अजून कळत नव्हतं. ती चहा पिऊन कप विसळून ठेवायची. त्या खोलीत घड्याळाचा काटा सरकलेला ऐकू येई. ज्या बाईनं उभा जन्म यंत्रांच्या कलकलाटात काढला, तिला ती शांतता कानात बोळा कोंबल्यासारखी वाटे.

घरीही काही वेगळं नव्हतं. घरी तिची मावशी होती. आई गेल्यावर तिनंच अक्काला वाढवलं होतं, आणि आता तिला फारसं ऐकू येत नव्हतं. कानाचं यंत्र आणून दिलं होतं; मावशी ते डब्यात जपून ठेवी.

"कसं काय चाललंय मास्तरीणबाईंचं?" मावशी रोज विचारी.

"करमत नाही गं."

"हो का? छान छान. बसून काम आहे ना, मग झालं."

 ओरडून सांगण्यासारखं ते दुःख नव्हतंच.

सुरुवातीला दुपारच्या सुट्टीत ती वर आयसीयूत जाऊन यायची. निमित्त काहीही असे; कधी जुने हातमोजे सरावाला हवेत, कधी एखादी नळी. सगळ्या "अक्का, अक्का" करत भोवती यायच्या. पण महिने गेले तसं तिला जाणवू लागलं, की बोलताना त्या मध्येच थांबतात. तीन नंबरच्या आजींची गोष्ट निघायची आणि अक्काला त्या आजी ठाऊक नसायच्या. ठाऊक करून द्यायला कुणाला सवड नसायची. तिची चूक नव्हती, त्यांचीही नव्हती. लग्न होऊन गेलेल्या मुलीला माहेरच्या स्वयंपाकघरात डबे सापडेनासे होतात, तसंच ते.

आता तिच्या जागी इन्चार्ज होती ती तिच्याच बरोबरची, जिला सगळा विभाग पाठीमागं 'फटाकडी' म्हणे. फटाकडी हातानं जितकी हळुवार, तितकी तोंडानं तिखट. एका दुपारी तिनं अक्काला जिन्यात गाठलं.

"अक्का, ऐक. मधल्या टेबलाची खुर्ची रिकामी होतेय. सगळ्या खाटांचे आकडे तिथं एकाच ठिकाणी दिसतात. बसून लक्ष ठेवायचं, उचलायचं काही नाही. मेट्रनच्या कानावर मी घातलंय. त्या म्हणाल्या, अक्का येत असेल तर सोनं. महिनाअखेरपर्यंत सांग."

"आणि शाळा?"

"शाळेचं काय? त्या रबरी म्हाताऱ्याला तुझ्यावाचून ताप येणार आहे का?"

त्या दिवशी अक्का जिना उतरली ती हलक्या पायांनी. पाठही दुखली नाही. घरी जाऊन तिनं मावशीला मोठ्यानं सांगितलं, "मला परत वर बोलावलंय." मावशी दचकली. "वर? कुणी बोलावलं? डॉक्टरला दाखवलंस का?" अक्का कित्येक दिवसांनी पोट धरून हसली. खुर्ची घ्यायची, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. फक्त प्राचार्याबाईंना सांगायचं राहिलं होतं.

त्याच आठवड्यात तिच्या तुकडीची आयसीयूत पाळी लागली. तुकडी लहानच होती. ती सकाळी पोरींना वर सोडून खाली आली. दुपारी फटाकडीचा निरोप आला, लगेच ये.

फटाकडी दाराशीच उभी होती. अक्काला तिनं बाजूला घेतलं.

"तुझ्या पोरींना तू शिकवतेस तरी काय?"

"का? काय झालं?"

"काय व्हायचं ते मी होऊ दिलं नाही म्हणून झालं नाही. पाच नंबरचा व्हेंटिलेटर ठणाणा करतोय, आणि तुझी ती चष्मेवाली बटण दाबून त्याचं तोंड बंद करतेय. पुन्हा वाजला, पुन्हा बंद. पेशंटकडं ढुंकून बघितलं नाही. नळी खाली दुमडलेली होती. मी पोचले तोवर ऑक्सिजन खाली घसरलेला."

"पेशंट?"

"ठीक आहे. ठीक आहे म्हणूनच एवढ्या हळू आवाजात बोलतेय. बरं, ती एकटीच असती तर म्हटलं असतं, पोर वेंधळी आहे. पण सगळ्याच तशा आहेत. अलार्म वाजला की हात आधी बटणावर."

अक्काचं तोंड उतरलं. "मी त्यांना रोज सांगते. आधी पेशंट बघा, मग यंत्र बघा. त्यांच्याकडून म्हणून घेते."

"म्हणतात ना. पोपटासारख्या म्हणतात. तोंडानं म्हणतात आणि हातानं बटण दाबतात."

दुसऱ्या दिवशी अक्का पोरींना सोडून खाली गेली नाही. औषधांच्या कपाटाआड एक जागा होती, तिथून सगळा विभाग दिसे. तिथं ती उभी राहिली. तिला मनातून वाटत होतं, की फटाकडी जरा वाढवून सांगतेय. शाळेतल्या बाईंच्या चुका काढण्यात वरच्या लोकांना नेहमीच गोडी वाटते. अक्कानं स्वतःही पूर्वी काढल्या होत्या.

फार वेळ थांबावं लागलं नाही. दोन नंबरचा मॉनिटर वाजला. शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थिनीनं मान वर न करताच डावा हात उचलला, मधलं बोट वाकवलं आणि त्याच्या पेरानं बटण दाबलं. आवाज थांबला. ती पुन्हा आपल्या कामाला लागली.

थोड्या वेळानं पलीकडचं यंत्र वाजलं. तिथली मुलगी वेगळी होती. डावा हात, वाकवलेलं मधलं बोट, पेराचा टोला. आवाज बंद.

अक्का कपाटाला टेकली. 

सगळं जग बटण बोटाच्या टोकानं दाबतं. पेरानं दाबायची ती अक्का. बोटांची टोकं नेहमी कुठल्या ना कुठल्या कामानं बरबटलेली असत, उजवा हात रोग्यावर असे, म्हणून तिनं कधीकाळी डाव्या हाताच्या पेराची सवय लावून घेतली होती. तो तिचाच हात होता. तिथं खाटाखाटांवर तिचेच हात लागलेले होते.

हे कधी घडलं ते तिला कपाटापाशी उभ्या उभ्याच उमगलं. खाली काकांजवळ ती यंत्र लावून ठेवी. ती बोलत असताना यंत्र मध्येच वाजे, कारण रबरी माणसाला धड श्वास असतो थोडाच. मग बोलण्यात खंड नको म्हणून तिचा हात जाई आणि यंत्राला गप्प करी. आपण हे करतो, हे तिला माहीतही नव्हतं. वर आयसीयूतही ती हेच करीत असे, पण तिथं हात जाण्यापूर्वीच तिचे डोळे रोग्यापर्यंत पोचलेले असत. छाती हलतेय का, ओठ कसे आहेत, नळी कुठं अडकलीय, हे सगळं एका नजरेत टिपून झाल्यावर मग हात. पण नजर कुणाला दिसते? दिसतो तो हात.

दुपारी सगळ्या खाली आल्या. चष्मेवालीचे डोळे सुजलेले होते. आदल्या दिवसाचं रडणं अजून संपलं नव्हतं. अक्का रागावेल म्हणून सगळ्या भिंतीला चिकटून बसल्या.

अक्कानं विचारलं, "अलार्म बोटाच्या पेरानं का दाबता?"

पोरी एकमेकींकडं बघू लागल्या. एवढा गंभीर चेहरा करून मॅडम हे काय विचारताहेत?

"तसंच दाबतात ना, मॅडम?" एकजण म्हणाली.

"कुणी शिकवलं?"

"तुम्ही."

"मी? कधी?"

"रोज," चष्मेवाली म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट आपलं काय चुकलं हे तिला खरंच कळलं नव्हतं. "आम्ही तर घरी सराव केला, मॅडम. तुमच्यासारखं जमत नव्हतं पटकन. ही तर फ्रिजच्या दारावर करायची."

जिच्याकडं बोट दाखवलं ती लाजली. अक्काला हसावं की रडावं समजेना. इतक्या वर्षांत कुणी तिच्यासारखं होण्यासाठी इतकी खटपट केली नव्हती, आणि केली ती नेमकी याच्यासाठी.

 मग ती म्हणाली, "यातली तुमची चूक मी माझ्या नावावर घेतेय. फटाक—इन्चार्जना मी सांगेन. आता सगळ्या उठा. काकांभोवती उभ्या राहा."

तिनं यंत्र सुरू केलं आणि नळी मुद्दाम काढली. अलार्म वाजू लागला.

"कुणी हात लावायचा नाही. काकांना काय झालंय ते बघून सांगायचं. सगळ्यांचं सांगून झालं की मगच हात."

"मॅडम, कान फुटले तर रजा मिळेल?"

"रजा नाही, कानाच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी मिळेल. बोल, छाती हलतेय?"

"दोन्ही बाजू... नाही हलत."

"मॅडम," चष्मेवाली हळूच म्हणाली, "हात."

अक्काचा डावा हात बटणाच्या वीतभर अलीकडं पोचलेला होता. तिनं तो झटक्यानं मागं घेतला, एखाद्या चोरट्या मांजरासारखा. पोरींना हसू आवरेना, आणि सकाळपासून पहिल्यांदा चष्मेवालीही हसली.

मग तो खेळच झाला. जिचा हात आधी जाईल तिनं खोली झाडायची. त्या आठवड्यात खोली सगळ्यांत जास्त वेळा अक्कानं झाडली. पाठीमुळं तिला वाकता येत नसे, म्हणून लांब दांड्याचा झाडू घेऊन ती झाडी आणि पोरी "कोपरा राहिला, मॅडम" असं म्हणत. शेजारच्या वर्गात शरीररचना शिकवणाऱ्या बाई भिंत ठोकून ठोकून थकल्या आणि शेवटी प्राचार्याबाईंकडं गेल्या.

प्राचार्याबाई स्वतः आल्या. दारात उभ्या राहून, कानावर हात ठेवून त्यांनी थोडा वेळ तमाशा बघितला. नंतर अक्काला बाहेर बोलावलं.

"वर काय झालं ते माझ्यापर्यंत आलंय."

"चूक माझी होती."

"तेही आलंय. तुम्हीच सगळीकडं सांगत फिरताय म्हणे."  "हे बघा, मी स्पष्टच बोलते. वरची खुर्ची तुम्हाला मिळतेय, हे मला माहीत आहे. तुम्ही गेलात तर मी अडवणार नाही. राहिलात तर कायम करेन, पण भिंतीला कापूस लावून घ्यावा लागेल. मला शेवटच्या दिवशी सांगू नका, तेवढं करा."

महिना संपत आला होता. अक्का दोन्हींचा विचार करून थकली. वर लोक होते, आवाज होते, अक्का म्हणणारी तोंडं होती. तिथं तिला तिच्या कामाचं फळ डोळ्यांपुढं दिसे. माणूस आत निजून येई आणि बसून बाहेर जाई. खाली काय होतं? पोरी शिकतात आणि निघून जातात. त्यांच्या हातून जे बरं होईल ते कुठल्या तरी दूरच्या खाटेवर, आणि तिथं अक्काची आठवणही निघणार नाही. निघूही नये.

तिनं मावशीला विचारलं. यंत्र कानात घालायला लावून विचारलं.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "तुला लहानपणी मी हातानं जेवायला शिकवलं, ते आठवतं?"

"नाही."

"मग झालं तर," मावशी म्हणाली आणि यंत्र काढून डब्यात ठेवलं.

तुकडीच्या पाळीच्या शेवटच्या दिवशी अक्का पुन्हा कपाटाआड उभी राहिली. पाच नंबरच्या खाटेवर आता एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांची मुलगी पायाशी बसलेली होती. चष्मेवाली त्यांच्या उशाशी काम करत होती.

व्हेंटिलेटर वाजला.

चष्मेवालीचा डावा हात वर गेला. बोट वाकलं. तिथून धावत जायला अक्काला अगदी थोडी पावलं लागली असती, आणि तिचं सगळं अंग त्या पावलांसाठी आसुसलं होतं.

हात हवेत थांबला. चष्मेवालीनं मान वळवून म्हाताऱ्यांच्या छातीकडं पाहिलं, मग तोंडाकडं. मग तोंडापासून यंत्रापर्यंत नळीवरून नजर फिरवत नेली आणि थबकली. म्हाताऱ्यांचं कोपर नळीवर आलं होतं. "आजोबा, जरा हात उचलते हं तुमचा," ती म्हणाली आणि कोपर उचलून उशीवर ठेवलं. यंत्र आपलं आपणच गप्प झालं. बटणाला कुणाचाच हात लागला नाही.

म्हाताऱ्यांच्या मुलीनं चष्मेवालीकडं बघून हात जोडले. चष्मेवाली लाजून हसली आणि कामाला लागली. तिनं कपाटाकडं वळून पाहिलं नाही. मॅडम तिथं आहेत हे तिला ठाऊकच नव्हतं.

"बघितलं मी," फटाकडी मागून येऊन म्हणाली. "सुधारली. बरं, खुर्चीचं काय? मेट्रन विचारताहेत."

"दुसरी कुणी बघ."

फटाकडी तिच्याकडं बघत राहिली. "अगं, वेडी का खुळी तू? त्या तळमजल्यावर जीव रमतो तुझा?"

"रमत नाही."

"मग?"

 अक्का कपाटाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. "ते पेराचं कळलं, तू ओरडलीस म्हणून कळलं. असं अजून काय काय शिकवून ठेवलं असेल मी त्यांना, मलाच ठाऊक नाही. ते बघायला हवं. दुसरी कुणी आली तर तिला ते माझं आहे हे ओळखू यायचं नाही."

फटाकडीला जे बोलायचं होतं ते तिनं गिळलं, आणि हे तिच्या हातून क्वचितच होत असे. "बरं मॅडम," ती म्हणाली. चेष्टेनं म्हणाली, पण म्हणाली. मग तिला कुणीतरी हाक मारली आणि ती गेली.

आतल्या खोलीत चहा चाललेला दिसत होता. कुणीतरी काहीतरी सांगत होतं आणि बाकीच्या हसत होत्या. अक्का दारापर्यंत गेली, पण दाराकडं कुणीतरी पाठ करून बसलं होतं, तिला उठवायला नको म्हणून ती तशीच परतली आणि कठड्याला धरून जिना उतरली. वाटेत प्राचार्याबाईंच्या दारात डोकावून "राहते" एवढंच म्हणाली. त्या फोनवर होत्या. त्यांनी मान हलवली.

सरावाच्या खोलीत काकांशिवाय कुणी नव्हतं. तिनं डबा उघडला आणि खिडकीशी उभ्यानंच भराभरा खाऊ लागली. आयसीयूत सगळेच तसं खातात. केव्हा उठावं लागेल याचा नेम नसतो, म्हणून बसायचंच नाही. अर्धा डबा संपल्यावर तिच्या ध्यानात आलं, की दाराच्या काचेतून पुढच्या तुकडीतली एक नवी मुलगी आत बघतेय. वर्ग सुरू व्हायला अवकाश होता. मुलगी लवकर आली होती आणि आत यायला बिचकत होती. ती टक लावून बघत होती.

अक्काचा घास हातातच राहिला. मग तिनं डबा टेबलावर ठेवला, एक खुर्ची ओढली, काकांच्या शेजारी बसली, आणि दाराकडं न बघता, एकेक घास नीट चावत, सावकाश जेवू लागली.